व्हीडन की स्नायडर? सहा जणांची फिल्म करणाऱ्या टोळीसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीकडच्या सहा मित्रांना गावातल्या अतिमानवांच्या टोळीवर वीस मिनिटांची फिल्म करायची आहे. हाताशी एक डीएसएलआर, २४ आणि ५० मिमीच्या दोन लेन्स, बंद पडलेल्या जिनिंगचं आवार आणि सुट्टीचे दोन दिवस आहेत. टोळीतले काही जण हॉलिवूडच्या अतिमानवपटांचा दिग्दर्शक जॉस व्हीडन याचे चाहते, काही तसाच दुसरा दिग्दर्शक झॅक स्नायडर याचे, आणि पटकथा लिहायच्या आधीच यावरून अडून बसलेत. विचारलंय ते असं: दोघांत कोणाची पद्धत धरावी, स्लो मोशन किती वापरावं, आणि सहाही जणांना सारखं काम कसं द्यावं?

दोघांत थोर कोण, हा वाद मी बाजूला ठेवतो, कारण त्याने तुमचं शूटिंग एक इंचही पुढे सरकणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. एका माणसाची गोष्ट सांगताना कॅमेरा त्याच्या मागे जातो, काम भागतं. सहा जण आले की दर दहा-वीस सेकंदांनी एकाला सोडून दुसऱ्याकडे जावं लागतं. ते जाणं नीट झालं नाही तर प्रेक्षकाला सहा वेगळ्या रील्स बघितल्यासारखं वाटतं, टोळी दिसत नाही. कीर्तनात बुवा चरण सोडतात आणि टाळकरी तो उचलतात. सोडणारा कुठे थांबला आणि उचलणाऱ्याने कुठून धरलं, यावर सगळा रंग ठरतो. नाटकवालेही ‘वाक्य उचल’ असंच म्हणतात. टोळीच्या सिनेमात दिग्दर्शक तपासायचा तो या उचलीवर. व्हीडन आणि स्नायडर यांच्यातला खरा फरकही तिथेच आहे: व्हीडन मुख्यतः बोलण्यातून उचल करतो, स्नायडर चौकटीतल्या चित्रातून. तुम्हाला उपयोगी पडेल असा फरक तेवढाच आहे.

कोणाचं काय घ्यायचं हे तुमच्याकडे काय आहे यावर अवलंबून आहे. तुमच्यातले तिघे-चौघे युवक महोत्सवात एकांकिका केलेले असतील, वाक्य अंगात मुरवून बोलू शकत असतील, तर व्हीडनचा रस्ता तुम्हाला जवळचा. कोणीच रंगमंचावर उभं राहिलेलं नसेल, पण अंगाने चपळ असतील, कबड्डी-कुस्ती खेळणारे असतील, तर स्नायडरचा रस्ता सोपा पडेल. आवाज रेकॉर्ड करायची सोय नसेल तर व्हीडनचं नाव काढू नका. हातात चांगला उजेड असायचे दिवसाला तीन-चार तासच असतील तर स्नायडरच्या चौकटी मोजून घ्या. हे आधी ठरलं की भक्तांची भांडणं आपोआप कमी होतात.

अभ्यासासाठी तुम्हाला एक दुर्मीळ गोष्ट मिळालेली आहे. एकच सिनेमा, तेच नट, तीच गोष्ट, दोन हातांनी घडलेली. ‘जस्टिस लीग’ स्नायडरने चित्रित केला, पण मे २०१७ मध्ये मुलीच्या मृत्यूनंतर तो बाजूला झाला. पुनर्चित्रण व्हीडनने केलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये साधारण दोन तासांचा सिनेमा आला. दिग्दर्शक म्हणून नाव स्नायडरचंच राहिलं, पटकथेत मात्र व्हीडनचं नाव जोडलं गेलं. पुढे मार्च २०२१ मध्ये स्नायडरची स्वतःची आवृत्ती आली, २४२ मिनिटांची. दोन्ही मिळवा आणि तीच दृश्यं शेजारी-शेजारी लावून बघा. एक सावधगिरी मात्र हवी. २०१७ च्या आवृत्तीवरून व्हीडनची परीक्षा करू नका. तिथे तो दुसऱ्याने शिवलेल्या कपड्याला ठिगळ लावत होता, आणि तेही दोन तासांच्या मर्यादेत. व्हीडन समजून घ्यायचा तर २०१२ चा ‘द अव्हेंजर्स’ बघा. तो त्याने लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला आहे.

त्या सिनेमात न्यूयॉर्कच्या लढाईत एक लांबलचक शॉट आहे. तो प्रत्यक्षात अनेक तुकडे संगणकावर जोडून केलेला आहे, पण दिसतो एकसंध. ब्लॅक विडो शत्रूच्या उडत्या वाहनावर आहे. आयर्न मॅन तिच्या मागच्यांना टिपत पुढे जातो आणि खाली कॅप्टन अमेरिकेजवळ उतरतो. त्याने सोडलेला किरण कॅप्टनच्या ढालीवर आपटून शत्रूवर पसरतो. आयर्न मॅन परत वर उडतो तो छपरावरच्या हॉकआयपाशी. हॉकआय बाण सोडतो, कॅमेरा बाणामागे जातो आणि आपण पोहोचतो महाकाय प्राण्याच्या पाठीवर लढणाऱ्या हल्क आणि थॉरपर्यंत. इथे कॅमेरा कोणाला उगाच सोडत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला काहीतरी देतो: संरक्षण, किरण, बाण. त्या देण्यावर बसून कॅमेरा पुढच्याकडे जातो. शॉट संपल्यावर लगेच हल्क शेजारच्या थॉरला एक गुद्दा हाणतो, म्हणजे नातंही तिथे सुटत नाही. हा शॉट तुम्हाला परवडणार नाही, पण त्यातलं तत्त्व फुकट आहे: पुढच्या माणसाकडे जायचं ते आधीच्याने दिलेल्या वस्तूवरून, नजरेवरून किंवा वाक्यावरून.

त्याआधी लढाईचं काम वाटण्याचा छोटा प्रसंग येतो. कॅप्टन एकेकाला जागा सांगतो: तू छपरावर, तू बाहेरची सीमा सांभाळ, तू वरचं दार अडव, आपण दोघं खाली जमिनीवर. मिनिटभरही लागत नाही, पण त्यानंतर लढाई कितीही विस्कटली तरी कोण कुठे आहे याचा प्रेक्षकाला विसर पडत नाही. नवखे दिग्दर्शक हा प्रसंग कंटाळवाणा म्हणून कापतात आणि मग मारामारीत कोण कोणाला मारतोय हे कळेनासं होतं. जिनिंगच्या आवारात तुमची मारामारी असेल तर आधी तीन ठळक जागा ठरवा, उदाहरणार्थ गेट, कापसाची गंजी लागायची ती मोकळी जागा आणि पत्र्याचं शेड. कोण कुठे जाणार हे एकाच्या तोंडी वीस सेकंदांत सांगून टाका.

पण व्हीडन खरा समजतो तो मारामारीत नाही, विमानवाहू जहाजावरच्या प्रयोगशाळेतल्या भांडणात. तुमच्यासाठी हे सगळ्यांत उपयोगी दृश्य आहे, कारण खोलीत बरोबर सहा माणसं आहेत: टोळी जमवणारा फ्युरी, स्टार्क (आयर्न मॅन), रॉजर्स (कॅप्टन अमेरिका), बॅनर (हल्क), थॉर आणि रोमानॉफ (ब्लॅक विडो). दृश्य पाच वेळा बघा, पाचव्यांदा आवाज बंद करून. प्रत्येक वाक्य कोणाला तरी उद्देशून आहे, हवेत कोणीच बोलत नाही. भांडणाच्या जोड्या बदलत राहतात. खोलीत खलनायक लोकीचा दंड ठेवलेला आहे आणि सगळ्यांचं भांडण त्याच्याभोवती फिरतं. शेवटी बॅनरच्या हातात तो दंड कधी आला हे त्याला स्वतःलाही कळत नाही. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा एकदम त्या हातावर जातात आणि सहा वेगवेगळी भांडणं एका वस्तूवर येऊन थांबतात. पाठोपाठ जहाजावर स्फोट होतो आणि तो घडवणारा असतो हॉकआय, टोळीतला जो माणूस खोलीत नाही तो.

यातून तीन गोष्टी उचला. पहिली, खोलीच्या मध्ये एक वस्तू ठेवा, जिच्यावर सगळ्यांचं काहीतरी अडलेलं आहे. ती कुलूपबंद पेटी असेल, विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर असेल, काहीही चालेल. दुसरी, सहा माणसांत जोड्या होतात पंधरा. वीस मिनिटांत पंधरा नाती उभी राहत नाहीत. चार निवडा आणि बाकीची सोडून द्या. व्हीडननेही स्टार्क-रॉजर्स, स्टार्क-बॅनर, रोमानॉफ-बार्टन (म्हणजे हॉकआय) आणि थॉर-लोकी यांवरच जोर दिलाय. बॅनर आणि बार्टन यांच्यात फारसं काही नाही, आणि ते नाही म्हणून कोणाचं अडतही नाही. तिसरी, एकाला बाहेर ठेवा. हॉकआय सिनेमाचा बराचसा भाग लोकीच्या ताब्यात असतो, म्हणजे सहा जणांची टोळी बराच वेळ पाच जणांचीच असते. त्या नटाला त्याने कमीपणा येत नाही, कारण तो परत येतो तेव्हा गोष्ट वळलेली असते.

व्हीडनच्या वाटेवर चुकतं कुठे, तेही बघा. सगळेच हजरजबाबी होतात. सहा पात्रं, पण आवाज एकाचाच, लेखकाचा. २०१५ च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये पार्टीत हातोडा उचलून बघण्याचा प्रसंग उत्तम आहे, कारण तिथे प्रत्येकाची उचलायची तऱ्हा वेगळी आहे. पण इतरत्र बऱ्याच ठिकाणी एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घातलं तरी चालेल असं होतं. याची तपासणी सोपी आहे. पटकथेतली नावं पट्टीने झाका आणि संवाद मोठ्याने वाचा. बोलतंय कोण हे ऐकणाऱ्याला दहापैकी आठ वेळा ओळखता आलं पाहिजे. आपल्या मराठवाड्यात यासाठी भांडवल भरपूर आहे. एक जण ‘काय करायलास रे’ म्हणेल, पुण्याला शिकून आलेला ‘काय करतोयस’ म्हणेल, उदगीरकडचा हेल वेगळा, संभाजीनगरच्या जुन्या मोहल्ल्यातला दखनी घोळवून बोलणारा वेगळा. ही बोली विनोदासाठी वापरू नका, माणूस ओळखण्यासाठी वापरा. गावाकडच्या बोलीवर पडद्यावर हसणं हे आपणच आपल्या माणसांवर केलेला अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं.

आता स्नायडर. त्याच्या २०२१ च्या आवृत्तीत पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो पडद्याचा आकार. ती १.३३ ला १ अशा, जुन्या टीव्हीसारख्या जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे. गंमत अशी की व्हीडननेही २०१२ मध्ये नेहमीचा फार रुंद पडदा टाळून १.८५ ला १ हा त्यातल्या त्यात उंच आकार घेतला होता. कारणं मात्र वेगळी आहेत. व्हीडनला भला थोरला हल्क आणि त्याच्या शेजारी साधा माणूस हे दोघं एकाच चौकटीत हवे होते, म्हणजे उंची हवी होती ती नात्यासाठी. स्नायडरला एकटा नायक डोक्यापासून पायापर्यंत, देवळातल्या मूर्तीसारखा उभा हवा होता. दोघांचा सगळा स्वभाव या एका निर्णयात दिसतो.

मूर्ती हा शब्द मी विचार करून वापरलाय. वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात, कैलासात, रावण कैलास हलवतो ते शिल्प तुम्ही बघितलं असेल. खाली अनेक हातांचा रावण जोर लावतोय, वर शिव निश्चिंत बसलाय, घाबरलेल्या पार्वतीने त्याला धरलंय, मागे एक दासी पळत सुटलीय. संवाद नाही, काळ थांबलेला आहे, तरी कोण कोणाचा कोण हे कळतं, कारण जागा बोलतात: खाली-वर, जवळ-दूर, वळलेलं-पाठमोरं. स्नायडर उचल करतो ती अशी. २०२१ च्या आवृत्तीच्या शेवटी खलनायक स्टेपनवुल्फ मरतो तो क्षण घ्या. अ‍ॅक्वामॅन त्रिशूळ खुपसतो, सुपरमॅन ठोसा हाणतो, वंडर वुमन शिर उडवते. तिघांची कामं वेग कमी करून एकाच हालचालीत ओवलेली आहेत. कोणी कोणाशी बोलत नाही. काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं, आणि आपल्याला ते बघायला वेळ मिळतो.

हे जमतं कारण स्नायडर स्वतः चित्रफलक काढतो. कॅमेरा लावायच्या आधी चौकट कागदावर असते. तुमच्यासाठी स्नायडरकडून घेण्यासारखी ही पहिली गोष्ट. चित्र वाईट आलं तरी चालेल, काड्यांची माणसं काढा, पण प्रत्येक पात्रासाठी एक चौकट अशी काढा की ती बघून, एक शब्दही न ऐकता, तो माणूस कळावा. सहा माणसं, सहा चौकटी. त्या सुचत नसतील तर ती पात्रं अजून तयार नाहीत, पटकथेकडे परत जा.

दुसरी गोष्ट वेळ देण्याची. सायबॉर्गचं पात्र दोन्ही आवृत्त्यांत तोलून बघा. २०१७ मध्ये तो टोळीतला संगणकवाला आहे, एवढंच. २०२१ मध्ये वडिलांनी टेपरेकॉर्डरवर ठेवलेला आवाज त्याला त्याच्या शक्तीबद्दल सांगतो, आणि त्या आवाजावर आपण बघतो की अख्खी अर्थव्यवस्था उलथवू शकणारा हा मुलगा एका गरीब आईच्या खात्यात पैसे टाकतो. शेवटी तोच टेपरेकॉर्डर परत येतो. गोष्ट तीच, नट तोच, पण एका पात्राला काही मिनिटं दिल्याने टोळीचं काळीज कोणाकडे आहे ते बदललं. स्नायडरची उचल इथे वस्तूवरून झालेली आहे, तीही सिनेमाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. व्हीडनच्या दंडाशी हे ताडून बघा. तिथली वस्तू एका खोलीत सहा जणांना जोडते, इथली वस्तू चार तासांत बाप आणि लेकाला जोडते.

स्नायडरच्या वाटेवर बिघडतं ते असं: प्रत्येक क्षण महत्त्वाचा केला जातो. चालणं संथ, वळणं संथ, चहाचा कप ठेवणंही संथ. मग खरा महत्त्वाचा क्षण आला की त्याला देण्यासाठी काही उरत नाही. नवख्यांच्या फिल्ममध्ये याचं हमखास रूप म्हणजे सहा जण ओळीने कॅमेऱ्याकडे चालत येतात, मागे जोरदार संगीत, आणि त्या चालण्याने गोष्ट काहीच पुढे जात नाही.

दोन्ही हात एकाच प्रसंगात बघायचे तर ‘जस्टिस लीग’मधली गोथम शहराखालच्या बोगद्यातली मारामारी लावा. २०१७ मध्ये टोळीतला अतिवेगाने धावणारा पोरगा, फ्लॅश, घाबरलेला असतो. बॅटमॅन त्याला सांगतो की एकालाच वाचव, लढू नकोस, आत जा आणि एकाला बाहेर काढ. हा तुकडा २०२१ मध्ये नाही. मला तो २०१७ च्या आवृत्तीतला सगळ्यांत चांगला तुकडा वाटतो, कारण चार वाक्यांत घाबरट पोर टोळीतला होऊन जातो. उलट, फ्लॅश मोटार अपघातातून आयरिसला वाचवतो तो प्रसंग फक्त २०२१ मध्ये आहे. सगळं जग गोठल्यासारखं, हवेत तरंगणाऱ्या वस्तूंमधून तो एकटा वाट काढतो. फ्लॅश कोण आहे हे दोन्ही ठिकाणी कळतं: एकदा दुसऱ्या माणसाच्या शब्दातून, एकदा त्याच्या स्वतःच्या काळातून. आणखी एक फरक लक्षात घ्या. २०१७ मध्ये शेवटच्या लढाईजवळ एक रशियन कुटुंब अडकलेलं दाखवलंय, २०२१ मध्ये ते नाही. २०१२ मध्येही कॅप्टन लढता लढता सामान्य लोकांना बाहेर काढत असतो. व्हीडनला टोळी कोणासाठी लढते ते माणूस म्हणून दिसायला हवं असतं. तुमच्या फिल्ममध्ये एक म्हातारी आणि तिची शेळी आवारात अडकवली तरी हे काम होतं, खर्च काहीच नाही.

स्लो मोशनचा प्रश्न आता सुटायला सोपा जावा. आयरिसच्या प्रसंगात वेग मंद आहे कारण तो फ्लॅशचा काळ आहे. म्हणून नियम असा धरा की स्लो मोशन कोणाचं आहे हे सांगता आलं पाहिजे. तुमच्या सहांपैकी एकाच पात्राला ते द्या, दुसऱ्याला देऊ नका. मग मंद वेग ही त्या पात्राची ओळख बनेल. पूर्ण फिल्ममध्ये मिळून चाळीस सेकंदांच्या वर जाऊ नका.

तांत्रिक बाजू अशी. फिल्म सेकंदाला २५ फ्रेमवर करा. ५० फ्रेमवर घेतलेलं निम्म्या वेगाने चालतं, १०० फ्रेमवर घेतलेलं पाव वेगाने. साठ सेंटीमीटर उंच उडीला हवेत साधारण ०.७ सेकंद लागतात, म्हणजे १०० फ्रेमवर तीच उडी पावणेतीन सेकंद दिसेल. एका उडीला एवढं भरपूर झालं. शटर फ्रेमच्या दुप्पट ठेवायचा, म्हणजे नेहमीच्या शॉटला १/५० आणि १०० फ्रेमला १/२००. १/२०० ला उजेड दोन स्टॉपने कमी, म्हणजे पावच, मिळतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). शेडमध्ये ट्यूबलाइटखाली हे करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात, आणि १/२०० ला चित्रात पट्टे किंवा लुकलुक यायची भीती असते. मंद वेगाचे सगळे शॉट उन्हात घ्या. बऱ्याच डीएसएलआरमध्ये १०० फ्रेम मिळतच नाहीत, आणि मिळाल्या तरी बहुतेकदा त्यात आवाज रेकॉर्ड होत नाही, कॅमेरा कोणता आहे त्यावर ते ठरेल. आदल्या दिवशी घरीच तपासा. उलट, भर उन्हात १/५० ठेवायचा तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० वर लेन्सचं छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करावं लागतं आणि चित्र बोथट होतं. एफ ५.६ वर राहायचं तर चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची उजेड कमी करणारी काच) लागतो. तो नसेल तर सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर काम करा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, आणि नटांचे हालही होतात. दुपारी शेडमधले संवाद उरका.

चौकटीचं गणित. २४ मिमी लेन्स, एपीएस-सी (स्वस्त डीएसएलआरमधला लहान) सेन्सर आणि चार मीटर अंतर धरलं तर रुंदीत साधारण पावणेचार मीटर दिसतं. खांद्याला खांदा लावून सहा जण तीन मीटरात बसतात, थोडी मोकळीक दिली तर साडेतीन. म्हणजे १६ ला ९ च्या चौकटीत सहा जणांची ओळ बसते, डोक्यापासून पायापर्यंत. १.३३ ची चौकट हवी असेल तर दोन्ही बाजूंनी कापून रुंदीचा तीन चतुर्थांश भागच उरतो, फुल एचडीत १४४० बाय १०८०. तिथे ओळ बसणार नाही. दोघं पुढे बसलेले, दोघं मध्ये उभे, दोघं मागे चबुतऱ्यावर, अशी वेरूळसारखी खोली करावी लागेल. ती दिसतेही जास्त चांगली. हा आकार घ्यायचा तर शूटिंगच्या वेळीच पडद्यावर दोन्ही बाजूंना काळी चिकटपट्टी लावा, नंतर कापू म्हणून सोडू नका. नंतर कापताना कोणाचा तरी खांदा किंवा अर्धा चेहरा जातोच.

संवादाच्या दृश्यात सगळ्यांत जास्त गोंधळ नजरेचा होतो. कबड्डीची मधली रेषा असते तशी दोन बोलणाऱ्यांमध्ये एक रेषा कल्पा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. सहा जण गोलात असले की प्रत्येक जोडीची रेषा वेगळी होते, आणि मग एकाच्या शॉटमध्ये तो उजवीकडे बघतोय आणि उत्तर देणाराही उजवीकडेच, असं होतं. उपाय असा की दृश्याची मुख्य जोडी ठरवा, तिची रेषा धरा, आणि तिसरा बोलायला लागला की मुख्य जोडीतल्या एकाने मान वळवून त्याच्याकडे बघायचं, ते वळणं शॉटमध्ये दिसलं पाहिजे. रेषा त्या मानेबरोबर सरकते. दोन मिनिटांच्या दृश्याला एक सगळ्यांचा शॉट, तिघा-तिघांचे दोन, आणि ज्यांच्या वाक्यावर दृश्य वळतं त्या तिघांचेच एकेकट्याचे, असे सहा शॉट पुरतात. प्रत्येकाला अर्धा तास धरला तर तीन तास. सहाही जणांचे क्लोजअप घ्यायचा मोह टाळा, संकलनात त्यातले निम्मे लागत नाहीत.

एकमेकांच्या तोंडावर बोलणं व्हीडनच्या दृश्यात चांगलं वाटतं, पण सेटवर तसं रेकॉर्ड करू नका. एकेकट्याचा शॉट घेताना समोरच्याने वाक्य संपेपर्यंत थांबायचं, आणि आवाज एकमेकांवर चढवायचे ते संकलनात. कॅमेऱ्यावरचा माइक चार मीटरवरून घेतलेलं वाक्य जिनिंगच्या पत्र्याखाली घुमतं आणि मग ते दुरुस्त होत नाही. छातीवर लावायचे दोन माइक किंवा काठीला बांधलेला एक माइक, तोंडापासून साठ-सत्तर सेंटीमीटरवर, एवढं तरी मिळवा. नाहीच मिळालं तर दृश्य मूक ठेवा आणि सायबॉर्गच्या वडिलांसारखा एकच आवाज नंतर शांत खोलीत रेकॉर्ड करून वर लावा. ही पळवाट नाही, चांगली पद्धत आहे.

दोन दिवसांत वीस मिनिटं होणार नाहीत. वर सांगितलेला हिशोब धरला तर एका दिवसात पाच-सहा मिनिटं नीट होतात. पटकथा बारा मिनिटांवर आणा.

माझं मत विचाराल तर तुमच्या टोळीने मधलं भांडण व्हीडनच्या पद्धतीने करावं, शेडमध्ये, एका वस्तूभोवती, चार दिवस तालीम करून. सुरुवातीची ओळख आणि शेवटची मारामारी स्नायडरच्या पद्धतीने करावी, आधी काढलेल्या चौकटींवर, जवळजवळ मूक, सकाळ-संध्याकाळच्या उजेडात. फक्त एक पथ्य पाळा. दोन्ही भागांना जोडणारी वस्तू तीच ठेवा, नाहीतर दोन फिल्म एकमेकींना चिकटवल्यासारख्या दिसतील.

सारख्या कामाबद्दल. तुळजापूरच्या भवानीच्या गोंधळात संबळवाला, तुणतुणेवाला, दिवटी धरणारा आणि मुख्य गोंधळी यांना बोलायला सारखं मिळत नाही, पण दिवटी खाली ठेवली तर गोंधळ थांबतो. तुमच्या सहांमध्ये मिनिटं वाटू नका. प्रत्येकाला एक असं काम द्या की तो नसता तर पुढचा प्रसंग घडलाच नसता. पटकथा झाल्यावर एकेक पात्र पेन्सिलीने खोडून बघा. जो खोडूनही गोष्ट चालते, त्याच्यासाठी जास्त संवाद लिहू नका, त्याला एक उचल द्या: त्याने फेकलेली किल्ली, त्याने उघडलेलं गेट, त्याने घेतलेली चुकीची बाजू. मित्राला हे समजावून सांगायला वेळ लागेल, तो वेळ तालमीच्या पहिल्या दिवशीच द्या, शूटिंगच्या सकाळी नाही.

आणि चौकटी काढायच्या आधी सहाही जण मिळून एकदा कैलास लेण्यात जा. रावणाच्या त्या शिल्पासमोर अर्धा तास उभे राहा, प्रत्येकाने त्यातलं एक पात्र निवडून त्याची नजर कुठे आहे, वजन कोणत्या पायावर आहे, शेजारच्याशी त्याचा स्पर्श आहे की नाही, एवढं वहीत टिपा. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते. मंगळवारी वेरूळ बंद असतं, तेवढं बघून निघा.